पिवळ्या ट्रॅक्टरचे तीन प्रश्न

अमेरिकेत ‘गार्डन ट्रॅक्टर’ नावाचा एक प्राणी असतो. आपल्याकडचा ट्रॅक्टर, म्हणजे मागे ट्रॉली, ट्रॉलीत ऊस आणि मडगार्डवर बसलेली दोन पोरं, असं चित्र डोळ्यांसमोर आणाल तर फसाल. हा जेमतेम कंबरेएवढ्या उंचीचा, एकट्या माणसाने बसायचा. उन्हाळ्यात पोटाखाली गवत कापायची पाती लावायची, हवा असेल तर मागे छोटासा नांगर जोडायचा आणि हिवाळ्यात पुढे साडेतीन-चार फुटी लोखंडी पातं लावून बर्फ लोटायचा.

माझ्याकडे जो आहे तो १९६६ सालचा आहे. इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीचा ‘कब कॅडेट १२२’. पिवळा-पांढरा रंग, एकच सिलिंडर, बारा अश्वशक्ती. वयाने माझ्यापेक्षा मोठा, त्यामुळे खरं तर अहो-जाहो करायला हवं. तो चालू असतो तेव्हा त्याच्याबद्दल विशेष काही कळत नाही. बंद पडला की मात्र बोलायला लागतो. इतिहासाची आवड असलेल्या माणसाने एकदा तरी असं जुनं इंजिन दुरुस्त करून पाहावं, असं माझं मत झालंय. पुस्तकात जे एका ओळीत संपतं, ते इथे पान्याने एकेक बोल्ट सोडवत वाचावं लागतं.

पहिला प्रश्न साहजिकच हा की शेत नाही, बैल नाहीत, मग घरोघरी ट्रॅक्टर कशाला? याचं उत्तर एका मोठ्या स्थलांतरात आहे. १९४० साली अमेरिकेत सुमारे तीन कोटी माणसं शेतावर राहत होती, म्हणजे लोकसंख्येच्या जवळजवळ पाव हिस्सा. १९७० साली हा आकडा एक कोटीच्या खाली आणि प्रमाण पाच टक्क्यांच्या आत आलं होतं. एका पिढीत गावंच्या गावं शेतीवरून उठली. त्याच सुमारास, १९४४ च्या ‘जी. आय. बिला’मुळे युद्धावरून परतलेल्या सैनिकांना घरासाठी स्वस्त कर्जाची सोय झाली आणि शहरांच्या बाहेर उपनगरं पसरायला लागली. शहरापासून जितकं लांब जाल तितका प्लॉट मोठा: अर्धा एकर, एक एकर, दोन एकर. तिथे राहायला आलेल्यांमध्ये शेतावर वाढलेले आणि आता कारखान्यात किंवा ऑफिसात जाणारे पुष्कळ होते. शेत सुटलं होतं, पण हातात पाना धरायची सवय सुटली नव्हती.

इंटरनॅशनल हार्वेस्टर ही मुळात शेतकऱ्याची कंपनी. सायरस मॅकॉर्मिकचं कापणी यंत्र १८३१ चं. त्याच्या वारसांची कंपनी, तिची कट्टर प्रतिस्पर्धी डिअरिंग आणि आणखी काही कंपन्या १९०२ साली एकत्र येऊन ही शिकागोची अवाढव्य कंपनी झाली. १९४७ साली त्यांनी छोट्या शेतकऱ्यासाठी ‘फार्मऑल कब’ हा त्यांचा सगळ्यात लहान ट्रॅक्टर काढला. ‘कब’ म्हणजे बछडा. केंटकीतल्या लुइव्हिलच्या कारखान्यात तो तयार व्हायचा. पण ज्याच्यासाठी काढला तो छोटा शेतकरीच हळूहळू नाहीसा व्हायला लागला. मग साठच्या दशकाच्या सुरुवातीला त्याच लुइव्हिलमध्ये ‘कब कॅडेट’ आला. यातली गंमत अशी की, मागच्या गिअरबॉक्समध्ये शेतातल्या ‘कब’चेच गिअर बसवले होते. म्हणजे अंगणात फिरायच्या यंत्राला शेतातल्या यंत्राचा कणा! आज साठ वर्षांनी ही यंत्रं चालतात त्याचं निम्मं श्रेय या काटकसरीला आहे. शेतकरी शेत सोडून उपनगरात गेला आणि कंपनी त्याच्या मागोमाग त्याच्या अंगणात शिरली.

जाता जाता एक आपल्याकडची गोष्ट. याच कंपनीने १९६३ साली महिंद्र आणि व्होल्टास यांच्याबरोबर ‘इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया’ काढली. तिचा लाल बी-२७५ हा मूळचा याच कंपनीच्या इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या कारखान्यातला. साताऱ्याकडे माझ्या मामांच्या शेजारी एक होता आणि त्याची खरी मालकी कोणाची, यावरून भावकीत बरेच वाद होते. म्हणजे एकच कंपनी त्याच वर्षांत एका देशात शेती सोडलेल्यांना गवत कापायचा ट्रॅक्टर विकत होती आणि दुसऱ्या देशात बैल सोडायला निघालेल्यांना नांगरटीचा. दोन्हीकडे गिऱ्हाईक मात्र एकाच जातकुळीचं: बिघडलं की आधी स्वतः उघडून बघणारं.

आता बर्फाकडे येतो. मी राहतो तो ओहायोचा ईशान्य कोपरा, ईअरी सरोवराच्या काठचा. हिवाळ्याच्या सुरुवातीला सरोवराचं पाणी अजून कोमट असतं आणि त्यावरून कॅनडाकडचा गार वारा येतो. तो वाटेत बाष्प उचलतो आणि काठाशी जमीन चढायला लागला की सगळं आमच्या अंगणात ओततो. याला ‘लेक इफेक्ट’ म्हणतात. किती पडावं? शेजारच्या पेनसिल्व्हेनियातल्या ईअरी शहरात २०१७ च्या नाताळच्या एका दिवसात ३४ इंच बर्फ पडला होता. रस्ता साफ करायला नगरपालिकेची गाडी येते, पण ती रस्त्यावरचा बर्फ लोटून नेमका आपल्या ड्राइव्हवेच्या तोंडाशी त्याचा बांध घालून जाते. हा बांध साध्या बर्फासारखा भुसभुशीत नसतो. मीठ, चिखल आणि बर्फ यांचं ते काँक्रीट असतं. फावड्याने फोडताना माणसं छातीत कळ येऊन पडतात, आणि हे अतिशयोक्तीने सांगत नाही.

हा ट्रॅक्टर शेजारच्या आजोबांचा. ते एका कारखान्यात लेथवर काम करायचे. १९६६ साली त्यांनी तो नवा घेतला आणि आयुष्यभर वापरला. ते गेल्यावर आजींनी तो मला दिला. पैसे घेतले नाहीत. अट एकच: हिवाळ्यात आधी त्यांचा ड्राइव्हवे, मग माझा. अट साधी वाटते, पण आजींचं डायलिसिस असतं. सोमवार, बुधवार, शुक्रवार. पहाटे सहाला न्यायला गाडी येते आणि ड्राइव्हवे मोकळा नसेल तर ड्रायव्हर आत येऊ शकत नाही. एक वेळ चुकली तर पुढची वेळ लगेच मिळेल याची खात्री नसते, आणि शरीरात साठलेलं पाणी बर्फ वितळायची वाट पाहत नाही. त्यामुळे या पिवळ्या धुडाचं चालू होणं न होणं हा आमच्या गल्लीत केवळ हौसेचा विषय नाही.

गेल्या जानेवारीत एका मंगळवारी संध्याकाळी तो चालू होईना. बाहेर शून्याखाली पंधरा, रात्री दहा इंचांचा अंदाज, आणि दुसऱ्या दिवशी बुधवार.

ज्यांनी बजाज स्कूटर तिरकी करून किका मारल्या आहेत त्यांना पुढचं सगळं ओळखीचं वाटेल. पेट्रोलच्या कुठल्याही जुन्या इंजिनाला तीनच प्रश्न विचारायचे असतात. ठिणगी आहे का? पेट्रोल येतंय का? दाब, म्हणजे कॉम्प्रेशन, आहे का? तिन्हींची उत्तरं ‘हो’ आली आणि ती योग्य वेळी येत असली, तर इंजिनाला चालू होण्यावाचून गत्यंतर नसतं. गंमत म्हणजे या प्रत्येक प्रश्नाखाली इतिहासाचा एकेक थर आहे.

पेट्रोलचा प्रश्न सोपा, म्हणून आधी तो. नळी काढली, धार नीट येत होती. कार्बोरेटरच्या वाटीत कचरा नव्हता. या बाबतीत आजचा काळ आजोबांच्या काळापेक्षा अवघड आहे. अमेरिकेत आता बहुतेक पंपांवर दहा टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. २००५ आणि २००७ च्या ऊर्जा कायद्यांनंतर त्याचा प्रसार झपाट्याने झाला. यामागे मका पिकवणाऱ्या शेतकऱ्यांचं राजकारणही आहेच. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. टाकीत महिनोन् महिने पडून राहिलं की जुन्या रबरी नळ्या आणि गॅस्केटं खराब होतात आणि वाटीत चिकट थर साठतो. १९६६ च्या यंत्राला २००७ च्या कायद्याशी जुळवून घ्यावं लागतं ते असं. मी बिनइथेनॉलचं पेट्रोल शोधून आणतो, महाग पडतं.

दुसरा प्रश्न दाबाचा. इंजिन कोहलर कंपनीचं, विस्कॉन्सिनचं. हो, तेच कोहलर, ज्यांचे नळ आणि कमोड आता आपल्याकडच्या महागड्या फ्लॅटांतही दिसतात. १८८३ साली जॉन मायकेल कोहलरने जनावरांच्या पाण्याच्या लोखंडी डोणीला एनॅमलचा मुलामा दिला आणि बाथटब म्हणून विकली, असं कंपनी स्वतःच अभिमानाने सांगते. १९२० पासून त्यांनी शेतावर वीज नसलेल्यांसाठी इंजिनावर चालणारे जनरेटर काढले आणि त्या वाटेने ते इंजिनांत आले. यांच्या बऱ्याच इंजिनांत एक युक्ती आहे. चालू करताना एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह किंचित उघडा राहतो, म्हणजे स्टार्टरला जोर कमी लागतो. वेग आला की तो आपोआप पूर्ण मिटतो. त्यामुळे नेहमीसारखा गेज लावला तर दाब कमी दिसतो, आणि माहीत नसलेला माणूस चांगलं इंजिन खोलून बसतो. फ्लायव्हील हाताने उलटं फिरवून पाहायचं. पाहिलं. चांगलं अडत होतं. म्हणजे दाब ठीक.

राहिली ठिणगी. इथे मात्र थेट १९१० पर्यंत खाली उतरावं लागतं. ओहायोतल्याच डेटन शहरात चार्ल्स केटरिंग नावाचा इंजिनिअर होता. बॅटरी, कॉइल आणि उघडझाप करणारे पॉइंट यांच्यावर चालणारी ठिणगीची त्याची पद्धत १९१० च्या कॅडिलॅक मोटारीत आली. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये त्याचा विजेचा स्टार्टर आला आणि हँडल मारून हात मोडून घ्यायची गरज संपली. हा स्टार्टर आणि बॅटरी चार्ज करणारा जनरेटर मिळून एकच यंत्र होतं. पुढे मोटारींत ही दोन कामं वेगळी झाली. पण माझ्या ट्रॅक्टरच्या बाजूला पट्ट्याने फिरणारं जे नळकांडं आहे ते डेल्को-रेमीचं स्टार्टर-जनरेटरच आहे! डेल्को ही केटरिंगनेच काढलेली कंपनी. म्हणजे मोटारींनी टाकून दिलेली कल्पना पन्नास वर्षांनी गवत कापायच्या ट्रॅक्टरमध्ये सुखाने नांदत होती.

प्लग काढून इंजिनाला टेकवला आणि स्टार्टर दिला. ठिणगी होती, पण पिवळट, मरतुकडी. निळी, टच्च आवाज करणारी हवी. पॉइंट या इंजिनात बाहेरच्या अंगाला एका छोट्या झाकणाखाली असतात. आतून एक बारीक दांडी येऊन त्यांना ढकलते. त्या दांडीच्या कडेने तेल झिरपतं आणि पॉइंट काळे पडतात. हे या इंजिनाचं जुनं दुखणं. पॉइंट काचपेपरने घासले, कोऱ्या कागदाने पुसले, फीलर गेज घालून फट वीस थाऊ, म्हणजे अर्धा मिलिमीटर केली. ठिणगी किंचित सुधारली. इंजिन तरी चालू होईना. स्टार्टर ‘घर्र... घर्र...’ करत कंटाळल्यासारखा फिरत होता.

मग मीटर काढला. बॅटरी नुसती १२.६ व्होल्ट, स्टार्टर फिरताना ११. उत्तम. पण त्याच वेळी कॉइलपाशी मोजलं तर आठच्याही खाली. मधले तीन व्होल्ट गेले कुठे? मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकाला लावली, दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, आणि स्टार्टर दिला. खरं तर इथे जवळजवळ शून्य यायला हवं. आले तीन व्होल्ट. चोर सापडला! अर्थिंगची केबल सांगाड्याला जिथे बोल्टने आवळली होती तिथे वरून सगळं ठीक दिसत होतं. बोल्ट सोडला तर खाली हिरवी-पांढरी भुकटी. साठ हिवाळ्यांचं रस्त्यावरचं मीठ. केटरिंगच्या पद्धतीत स्टार्टर आणि ठिणगी एकाच बॅटरीवर जेवतात. थंडीत तेल घट्ट होतं, स्टार्टर जास्त ओढतो, खराब सांध्यात व्होल्टेज जिरतं आणि उपाशी राहते ती ठिणगी. उन्हाळ्यात हाच सांधा कसाबसा चालून गेला असणार. सांधा घासून लख्ख केला, नवी केबल लावली, वर ग्रीसचा हात फिरवला. दुसऱ्या प्रयत्नात धडधडला आणि गराजभर काळा धूर.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता आजींचा ड्राइव्हवे मोकळा होता.

पण मला सांगायची गोष्ट वेगळीच आहे. हे काम करताना बॉनेट पूर्ण उचललं तेव्हा त्याच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहिलेली तारखांची रांग दिसली. आजोबांचं बारीक, कोरीव अक्षर. पॉइंट बदलले, प्लग बदलला, तेल बदललं. पहिली नोंद १९६७ ची. एके ठिकाणी १९७८, जानेवारी २६, आणि पुढे एवढंच: ‘चालू झाला’. हा दिवस ओहायोत आजही लोक विसरलेले नाहीत. त्या दिवशीच्या हिमवादळात क्लीव्हलंडचा वायुभारमापक २८.२८ इंचांपर्यंत उतरला होता, राज्यात ५१ माणसं गेली, ओहायो टर्नपाइक हा महामार्ग पहिल्यांदाच पूर्ण बंद ठेवावा लागला. पाठ्यपुस्तकात हे सगळं वाचायला मिळतं. पण त्या सकाळी एका लेथ कामगाराला ‘चालू झाला’ एवढीच गोष्ट लिहून ठेवावीशी वाटली, ती फक्त या पत्र्यावर आहे.

ज्या कंपनीने हा ट्रॅक्टर बनवला तिचं पुढे काय झालं? नोव्हेंबर १९७९ मध्ये तिथे कामगारांचा संप झाला, तो १७२ दिवस चालला. त्यात व्याजदर भडकलेले, शेतीची मंदी. १९८१ साली कब कॅडेटचा धंदा क्लीव्हलंडच्या एमटीडी कंपनीला विकला गेला. १९८५ साली शेतीची सगळी यंत्रंही टेनेको या उद्योगसमूहाकडे गेली आणि उरलेल्या ट्रकच्या कंपनीने १९८६ साली नाव बदलून नॅव्हिस्टार केलं. ऐंशीहून अधिक वर्षांची कंपनी अशी विरघळली, आणि तिचं गवत कापायचं यंत्र अजून बर्फ लोटतंय.

कंपनीपेक्षा यंत्र जास्त का जगलं? ‘पूर्वीचं लोखंडच वेगळं’ हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही. या ट्रॅक्टरबरोबर आलेली मूळ पुस्तिका आजींनी जपून ठेवली होती. तिच्यात पॉइंटची फट कशी ठेवायची, कार्बोरेटर कसा साफ करायचा हे मालकाला उद्देशून, आकृत्या काढून सांगितलंय. ज्याने यंत्र बनवलं त्याने मालकाला हुशार धरलं होतं. सगळे महत्त्वाचे भाग साध्या पान्याने सुटतात, कारण ते सुटावेत अशीच कल्पना होती. त्यामुळे ज्ञान कंपनीच्या तिजोरीत न राहता गल्लोगल्ली सांडलं आणि कंपनी गेल्यावरही शिल्लक राहिलं.

आज इथे नेमकी उलट लढाई चालली आहे. नव्या मोठ्या ट्रॅक्टरांमध्ये बिघाड शोधायचं सॉफ्टवेअर कंपनीच्या हातात, शेतकऱ्याने हात लावायचा नाही. म्हणून २०२३ साली कोलोरॅडोने शेतकऱ्याला स्वतःची यंत्रं दुरुस्त करू देण्याचा कायदा केला, तसा करणारं ते पहिलं राज्य. जानेवारी २०२५ मध्ये केंद्राच्या व्यापार आयोगाने याच मुद्द्यावर जॉन डिअर कंपनीला कोर्टात खेचलं.

म्हणून जुनं ते सगळं सोनं असंही मी म्हणणार नाही. माझ्या ट्रॅक्टरला सीटखालचा तो स्विच नाही, जो माणूस पडला की इंजिन बंद करतो. त्या काळात याने किती बोटं आणि पाय घेतले असतील याचा विचार करूनच मी त्यावर बसतो. आणि आजी ज्या डायलिसिसच्या यंत्राला आठवड्यातून तीनदा जोडल्या जातात, ते कोणी हौशी माणसाने पान्याने उघडावं असं मला मुळीच वाटत नाही. काही यंत्रं बंद असावीत, काही उघडी. प्रश्न एवढाच की हे ठरवायचं कोणी, आणि ठरवताना वापरणाऱ्याला विचारलं होतं का.

असो. बॉनेटच्या आत आजोबांच्या शेवटच्या ओळीखाली मीही पेन्सिलीने तारीख घातली: अर्थिंग केबल बदलली. आकडे सवयीने देवनागरीत लिहिले गेले. माझ्यानंतर ज्याच्याकडे हा ट्रॅक्टर जाईल त्याला ती भाषा कोणती हे शोधायला थोडा वेळ लागेल, पण केबल नवी आहे हे त्याला बघूनच कळेल. यंदा थंडीच्या आधी कंडेन्सरही आणून ठेवणार आहे. अजून मिळतो, आणि फार महागही नाही.